फोन आपणच करायचा

‘सर, शेळ्या घेऊन बांधावर आलेय. कुणी आलं की मी अभ्यासाचं बोलीन, तुम्ही समजून घ्या.’

जुलै २०२० मध्ये निलंगा तालुक्यातली एक मुलगी फोनवर पहिल्यांदा बोलली ती हे. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.) बारावीनंतर ती लातूरला ‘नीट’ची तयारी करत होती. मार्चमध्ये वसतिगृह रिकामं झालं आणि ती पुस्तकांचं पोतं घेऊन गावी आली. परीक्षा ३ मेची २६ जुलैवर गेली, तिथून १३ सप्टेंबरवर. घर दोन खोल्यांचं, माणसं सहा, स्मार्टफोन एक. तोही सकाळी भावाच्या ऑनलाइन तासाला आणि संध्याकाळी वडिलांच्या हातात.

तिने मला फोन केला नव्हता, मी केला होता. तिचे वडील रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला ओपीडीत आले होते. निघताना दारात थांबून म्हणाले, ‘लेकरू रातभर जागतंय सर, जेवंना झालंय.’ आमच्या भागात मनाचं दुखणं असंच येतं, दुसऱ्याच कामासाठी आलेल्या माणसाबरोबर, जाता जाता. मी नंबर लिहून घेतला.

हेल्पलाइन तेव्हा नव्हत्या असं नाही. ‘टिस’ची ‘आयकॉल’ २०१२ पासून होती. टाळेबंदी लागताच बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ने देशभरासाठी एक क्रमांक सुरू केला. जुलैत शिक्षण मंत्रालयाचं ‘मनोदर्पण’ आलं, सप्टेंबरात सामाजिक न्याय मंत्रालयाची ‘किरण’. हे नंबर त्या मुलीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आले होते. मग लावला का नाहीस, असं विचारल्यावर ती म्हणाली, ‘लावून काय सांगू? मला काय झालंय तेच सांगता येईना.’

हे उत्तर मी विसरलेलो नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये युनिसेफने २१ देशांतल्या तरुणांची पाहणी प्रसिद्ध केली. मानसिक त्रासात इतरांची मदत घेणं चांगलं, असं सरासरी ८३ टक्के तरुणांनी सांगितलं. भारतात हे प्रमाण ४१ टक्के निघालं, २१ देशांत सर्वांत कमी. त्याच पाहणीत १५ ते २४ वयाच्या दर सात भारतीयांपैकी एकाने आपल्याला वारंवार उदास वाटतं किंवा कशात रस वाटत नाही असं सांगितलं होतं. अशा मुलांसाठी नंबर छापून फोन वाजायची वाट पाहणं म्हणजे तापाच्या रोग्याने स्वतः निदान करून यावं अशी अपेक्षा धरणं आहे.

मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. साथीच्या त्या दिवसांत राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला होती, मराठवाड्यात एकही नव्हतं. एसटी बंद असताना निलंग्याहून लातूरला जाणंही परदेशाइतकं लांब झालं होतं. किल्लारीचा भूकंप झाला त्या १९९३ साली माणसं निदान एकमेकांशेजारी जाऊन बसत होती. कोविडने नेमकं तेच बंद केलं. उरला फोन, आणि तो वापरायला आम्ही हळूहळू शिकलो.

पहिला प्रश्न ‘कशी आहेस?’ हा नव्हे, तर ‘आत्ता बोलता येईल का, जवळ कुणी आहे का?’ हा. कुणी असेल तर ‘हो’ किंवा ‘नाही’त उत्तर देता येईल असे प्रश्न विचारायचे. फोन अर्ध्यात तुटला तर परत कुणी लावायचा हे आधीच ठरवायचं, नाहीतर समोरच्याला वाटतं, आपल्याला कंटाळून ठेवला. रेंज कुठे मिळते हे विचारायचं. चेहरा दिसत नाही, त्यामुळे शांततेची भीती वाटते आणि आपण उपदेश सुरू करतो. तो मोह मीही अनेकदा आवरू शकलो नाही. आणि ‘जगू नये असं मनात येतं का?’ हे सरळ विचारायचं. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उलट बऱ्याच मुलांना कुणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं वाटतं.

फोनच्या मर्यादाही आहेत. वजन किती उतरलंय, डोळे किती पांढरे पडलेत, हे ऐकू येत नाही. त्या मुलीला मी ‘रक्त तपासायचं आहे’ म्हणून एकदा बोलावून घेतलं. हिमोग्लोबिन आठ निघालं. तपासणी गरजेची होतीच, शिवाय घरच्यांना आणि गल्लीला सांगायला एक सोयीचं कारण मिळालं. जीव देण्याचा बेत मनात पक्का असेल, आधी तसा प्रयत्न झाला असेल किंवा भास होत असतील, तर फोनवर भागत नाही; त्याला त्याच दिवशी डॉक्टरांसमोर आणायचं, तोवर एकटं ठेवायचं नाही. फवारणीची औषधं घरात, कोठ्यात उघडी असतील तर ती कुलपात जातात की नाही, हे पालकांना विचारायला मी कधी लाजत नाही.

आपण फोन करण्याचा उपयोग होतो का? जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत, त्यात आपलं चेन्नई होतं, आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या १,८६७ लोकांचा अभ्यास केला. निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले. उरलेल्यांशी सुरुवातीला तासभर बोलून पुढच्या दीड वर्षात नऊ वेळा फोनवर किंवा भेटीत विचारपूस केली. नेहमीच्या उपचारांच्या गटात २.२ टक्के लोकांनी नंतर आत्महत्या केली, विचारपूस झालेल्यांत ०.२ टक्के. हे निष्कर्ष २००८ मध्ये आले. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत इतका ठळक फरक दिसलेला नाही, हेही सांगायला हवं. पण इतक्या स्वस्तात इतका आधार देणारं औषध माझ्या कपाटात तरी नाही.

अट एकच, सांगितलेली वेळ पाळणं. त्या मुलीशी माझं दर गुरुवारी साडेचारला बोलायचं ठरलं होतं. सप्टेंबरात कोविडचे रुग्ण वाढले आणि एक गुरुवार माझ्याकडून राहिला. शनिवारी लावला तेव्हा तिने सांगितलं, ती गुरुवारी आणि शुक्रवारी, दोन्ही दिवस साडेचारला बांधावर येऊन बसली होती. ‘वाटलं, तुम्ही पण सोडलं.’ माझ्याकडे सांगायला कारण होतं, तिला त्याचा काही उपयोग नव्हता.

म्हणून हे काम डॉक्टरच्या सवडीवर सोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. शेतकरी आत्महत्यांसाठी राज्याने २०१५ मध्ये मराठवाडा-विदर्भाच्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला, तेव्हा आशाताई घरोघरी जाऊन विचारू लागल्या. तेच तरुणांसाठी फोनवर करता येईल. प्रत्येक तालुक्यात एक समुपदेशक, कार्यालयाचा एक मोबाइल आणि एक वही. वहीत मुलाने स्वतः दिलेला नंबर, त्याला सोयीची वेळ आणि पुढच्या फोनची तारीख. निकालाचे आठवडे आणि ‘नीट’ नंतरचा महिना यांत माणसं वाढवावीत. लातुरात शिकून रिकाम्या हाताने गावी परतणाऱ्या मुलांची यादी शिकवणीवाल्यांकडे असते. मुलांची संमती घेऊन ती वहीपर्यंत पोहोचायला हरकत नसावी.

१० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक सुरू आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. घरात असं मूल असेल तर नंबर त्याच्याकडे नुसता पाठवू नका. शेजारी बसून तुमच्या फोनवरून लावून द्या, कुणीतरी बोलायला लागलं की फोन त्याच्या हातात द्या आणि खोलीबाहेर जा.