अभिघातज अपतानक : आपण कोठे थांबावे?

पावस पंचक्रोशीत मृगाच्या सरी सुरू झाल्या की जखमांचे दिवस येतात. लावणीच्या चिखलात पायात शिरलेला काटा, कलमांच्या बागेत निसटलेली कोयती, जांभ्याच्या चिऱ्याखाली चेचलेले बोट, कालवे काढताना खडकावर कापलेला तळवा. शेणखताची माती आणि अनवाणी पाय यांची गाठ येथे रोजचीच. असा रुग्ण प्रथम येतो तो वैद्याकडे किंवा औषधाच्या दुकानात. रत्नागिरीचे जिल्हा रुग्णालय त्याच्या मनात बहुधा शेवटी असते. म्हणूनच धनुर्वाताविषयी आपल्या व्यवसायबंधूंशी थोडे स्पष्ट बोलावेसे वाटते.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात अपतानक, अंतरायाम व बाह्यायाम यांचे वर्णन केले असून गर्भपात, अतिरक्तस्राव आणि अभिघात यांपासून उद्भवलेला अपतानक असाध्य ठरविला आहे. या निर्णयाकडे आपण पुरेशा आदराने पाहत नाही असे माझे मत आहे. व्रणानंतर काही दिवसांनी हनुस्तंभ झालेला रुग्ण स्नेहन-स्वेदनासाठी घरी ठेवून घेणे हा ग्रंथाचा सन्मान नव्हे. ग्रंथकर्त्यांना जे कारण दिसणे शक्य नव्हते ते आज ज्ञात आहे. किटासाटो यांनी १८८९ मध्ये ज्याचे शुद्ध संवर्धन केले तो क्लोस्ट्रिडियम टेटनी हा जंतू बीजाणुरूपाने मातीत व जनावरांच्या शेणात वर्षानुवर्षे टिकतो. प्राणवायू न पोहोचणाऱ्या खोल, मृत मांसाच्या जखमेत तो वाढतो आणि त्याचे विष मज्जासंस्थेत पोहोचते. गंज हे मूळ कारण नव्हे. बाभळीचा काटाही तेवढाच घातक ठरतो. लक्षणे साधारणतः ३ ते २१ दिवसांत दिसतात, तोवर जखम कित्येकदा भरून आलेली असते.

निष्काळजीपणाचा एक क्षण किती महाग पडतो याचे उदाहरण आपल्या मुंबईशी निगडित आहे. १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी परळच्या प्रयोगशाळेत तयार झालेली प्लेगची लस १०७ जणांना टोचली गेली आणि त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष हाफकिन यांच्या माथी आला. पुढे उलगडले ते असे की, बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. हाफकिन यांच्यावरील ठपका पुसला जाण्यास १९०७ साल उजाडले. आपल्या व्रणकर्माच्या पेटीतील चिमट्याकडे पाहताना हा प्रसंग आठवावा.

व्रणाच्या बाबतीत आपली परंपरा दुबळी नाही. निंबपत्र, सर्षप, घृत व लवण यांचे दहा दिवस दोन वेळा धूपन सुश्रुतांनी सांगितले आहे. तथापि धूपन बीजाणूंना पुरे पडत नाही. भरपूर स्वच्छ पाणी व साबण, मृत मांसाचे छेदन आणि लसीकरणाची चौकशी यांना पर्याय नाही. जखमेत चुलीतली राख वा शेण भरून आलेल्या रुग्णावर रागावू नये. पण ते धुतल्याखेरीज पुढे जाऊ नये.

आता औषधविक्रेत्यांविषयी. ‘दर सहा महिन्यांनी धनुर्वाताचे इंजेक्शन’ हा समज दुकानाच्या फळीवरच जोपासला जातो. प्राथमिक मात्रा पूर्ण झालेल्यास स्वच्छ किरकोळ जखमेत शेवटच्या मात्रेला १० वर्षे आणि मळकट वा खोल जखमेत ५ वर्षे झाली असतील तरच पुन्हा टोचावे. वारंवार टोचल्याने दंडाला तीव्र सूज येते, लाभ वाढत नाही. उलटपक्षी ज्याने प्राथमिक मात्रा कधीच घेतल्या नाहीत, त्याला मळकट जखमेत एक इंजेक्शन पुरत नाही. सोबत इम्युनोग्लोब्युलिन आणि पुढील मात्रा हव्यात. सार्वत्रिक लसीकरण १९८५ पासूनचे. गरोदरपणी स्त्रियांना तरी लस मिळत गेली, वयस्क पुरुष शेतकरी मात्र त्यातून निसटला आहे. दुकानात पहिला प्रश्न ‘खिळा गंजलेला होता का?’ असा नसावा. ‘आजवर किती मात्रा, केव्हा?’ असा असावा. सरकारी कार्यक्रमात २०१९ पासून टीटीऐवजी टीडी लस आली आहे. ती २ ते ८ अंशांत ठेवावी आणि गोठलेली कुपी टाकून द्यावी, हेही ध्यानी घ्यावे.

एक इशारा खास वैद्यांसाठी. कोकणच्या रानात काजरा विपुल आहे आणि वातव्याधी म्हटले की विषतिंदुक वटीकडे हात जातो. धनुर्वाताचे विष मज्जातंतूंवरील नियंत्रक ग्लायसिनचा स्राव रोखते. कुचल्यातील स्ट्रिक्निन त्याच ग्लायसिनचे कार्य रोखते. म्हणजे आक्षेपाने ताणलेल्या रुग्णास कुचला देणे आगीत तेल ओतण्यासारखे आहे. अग्नितुंडी वटीतही कुचला असतो, याचा विसर पडू नये. कुचल्याच्या विषबाधेचे चित्रही धनुर्वातासारखेच दिसते. फरक इतकाच की तेथे दोन आक्षेपांच्या मध्ये स्नायू बहुधा सैल पडतात, धनुर्वातात ताठरपणा कायम राहतो.

तोंड उघडेना, गिळता येईना, प्रकाशाने वा आवाजाने आचका येतो, अशा रुग्णास तोंडाने काहीही न देता रुग्णवाहिकेने हलवावे. पुढचे उपचार इम्युनोग्लोब्युलिन, मेट्रोनिडाझोल, डायझेपाम आणि गरज पडल्यास कृत्रिम श्वासोच्छ्वास, असे कित्येक आठवड्यांचे असतात. आणि तो बरा होऊन परतला तरी लसीच्या मात्रा पूर्ण करून घ्याव्यात, कारण हा रोग होऊन गेल्याने त्याच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती येत नाही.