एकाक्ष राक्षस आणि चिकदौलीचा गेंडा

ग्रीकांच्या पुराणांत ललाटावर एकच नेत्र असलेल्या सायक्लोप्स नामक महाकाय राक्षसांचे जे वर्णन आढळते, त्याचा उगम सिसिली बेटाच्या गुहांत सापडणाऱ्या, आज निर्वंश झालेल्या खुज्या हत्तींच्या कवट्यांत असावा, असा तर्क ऑस्ट्रियन पुराजीवशास्त्रज्ञ ओथेनियो आबेल यांनी १९१४ साली मांडला. हत्तीच्या कवटीत सोंडेच्या मुळाशी, ऐन मध्यावर प्रशस्त विवर असते आणि डोळ्यांच्या खोबणी कडेला, सहसा लक्षात न येणाऱ्या असतात. ज्याने जिवंत हत्ती कधी पाहिलाच नाही, त्याने त्या विवरास नेत्रस्थान समजावे, यात नवल नाही.

तर्क मोहक खरा. परंतु रामायणातील कबंध आठवला की तो अपुरा वाटू लागतो. इंद्राच्या वज्राघाताने मस्तक धडात रुतलेला, उदरात मुख आणि वक्षावर एकच विशाल नेत्र असलेला हा राक्षस ज्या देशात कल्पिला गेला, तेथे हत्ती राजद्वारी झुलत होते. हत्तीच्या कवटीने तेथे कोण फसणार होते? हाच कबंध मरणोत्तर रामास सुग्रीवाची आणि शबरीच्या आश्रमाची वाट सांगतो, आणि रामदुर्ग तालुक्यातील सुरेबानजवळचे शबरीकोळ्ळ हेच ते स्थान, अशी आमच्या बेळगाव जिल्ह्याची श्रद्धा आहे. तेव्हा कथेला हाडाचा जामीन हवाच, असा आग्रह धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हाडांची प्रतिष्ठा मात्र स्वतंत्रपणे राखली पाहिजे. गोकाक तालुक्यातील कोन्नूरच्या प्रचंड शिळांच्या प्राचीन दफनगृहांस लोक पांडवांची घरे म्हणत आले, जसे ग्रीकांनी मायसिनीचे तट सायक्लोप्सांच्या हातचे मानले. आणि त्याच तालुक्यात चिकदौली येथे भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांना गेंड्याची अश्मीभूत हाडे मिळाली, ज्यांस त्यांनी १८७४ साली ‘ऱ्हायनोसेरस डेक्कनेन्सिस’, म्हणजे दख्खनचा गेंडा, असे नाव दिले. ज्या मुलुखात आज गेंडा औषधालाही नाही, तेथे तो एके काळी चरत होता, हे आमच्या शाळांतून शिकविले गेले पाहिजे.

निपाणी-चिकोडीपासून गोकाकपर्यंत विहीर वा कालवा खणताना दगडासारखे जड हाड वर आले, तर ते भरावात जाण्यापूर्वी तलाठ्याने जागेवर पंचनामा करून खोली व मातीचा थर नोंदवावा, कारण थर हरवला की हाडाचे वय ठरविणे दुर्घट होते. आणि मगच ते तज्ज्ञाच्या स्वाधीन करावे. तसा हुकूम जिल्हाधिकाऱ्यांनी काढावा, आणि तो मराठी व कानडी अशा दोन्ही भाषांत काढावा, कारण येथे कुदळ चालविणारे दोन्ही भाषांचे आहेत.