खुल्या चॅनलला कुलूप कशासाठी? भिवपुरीच्या विहारातून एक सवाल



आमच्या भिवपुरीच्या वस्तीतल्या विहारासाठी आम्ही वर्गणी काढून एक टीव्ही घेतला. भिंतीवर तो लावला, बाहेरच्या खांबावरून आलेली केबलची वायर बॉक्स न लावता थेट टीव्हीच्या मागे खोचली आणि मेनूत जाऊन चॅनल शोधायला लावले. आजकालच्या बऱ्याच टीव्हींमध्ये डिजिटल केबलचा ट्यूनर आतच असतो. टीव्हीने दहा-पंधरा मिनिटे शोध घेतला आणि शेकडो चॅनलांची नावे पडद्यावर आली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग एकेक चॅनल लावून पाहिले, तर प्रत्येकावर तीच पाटी: स्क्रॅम्बल्ड. सह्याद्री लावले, कुलूप. डीडी न्यूज लावले, कुलूप. संसद दाखवणारे चॅनल लावले, तिथेही कुलूप. उघडे होते फक्त एक चॅनल, केबलवाल्याचे स्वतःचे. त्यावर प्लॉटच्या आणि फार्महाऊसच्या जाहिराती चालल्या होत्या.

हे चित्र आम्हाला विसरता येत नाही. ज्या जमिनीवर आमच्या माणसांनी पिढ्यानपिढ्या राबणूक केली, त्या कर्जत तालुक्यातल्या जमिनीची विक्री बघायला कुलूप नाही. पण ज्या संसदेला बाबासाहेबांच्या संविधानाने आमच्याशी बांधून ठेवले, ती बघायला कुलूप आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. पैसे भरून बघायची चॅनल फुकट मिळावीत, अशी आमची मागणी नाही. कुणाचे कुलूप फोडा, कार्डात खाडाखोड करा, असेही आम्ही कुणाला सांगत नाही. आमचा प्रश्न फक्त त्या चॅनलांबद्दल आहे जी मुळातच फुकट आहेत, ज्यांचा मालक प्रेक्षकाकडून एक पैसाही मागत नाही. त्यांना कुलूप कशासाठी?

हे कुलूप आले कुठून, ते आधी समजून घेऊ. पूर्वी केबलची वायर टीव्हीला जोडली की चित्र दिसायचे. बॉक्स नव्हता, कार्ड नव्हते. २०११ साली संसदेने केबल टेलिव्हिजनच्या १९९५ च्या कायद्यात दुरुस्ती केली. कलम ४अ नुसार केबलवाल्याने चॅनल एन्क्रिप्ट करून, म्हणजे कुलूप घालूनच पाठवायचे, आणि ज्याच्या घरी त्याने नोंदवलेला बॉक्स आहे त्यालाच ते दिसणार, असे ठरले. मुंबईसह चार महानगरांची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ ची होती. मग मोठी शहरे, मग कर्जतसारखी नगरपरिषदांची गावे आणि शेवटच्या चौथ्या टप्प्यात भिवपुरीसारखी खेडी. मुदती वाढत वाढत आमच्यापर्यंत ३१ मार्च २०१७ उजाडला.

दुरुस्तीमागचे कारण अगदीच खोटे नव्हते. जुन्या पद्धतीत केबलवाला हजार घरांत वायर टाकायचा आणि कागदावर दोनशे दाखवायचा. सरकारचा कर बुडायचा, चॅनलवाल्यांचा वाटा बुडायचा. बॉक्स आला की घरे मोजली जातात. हे आम्हाला मान्य आहे. पण मोजणी पैशांच्या चॅनलसाठी हवी होती. कायद्याने पैशांच्या आणि फुकटच्या, दोन्ही चॅनलांना एकाच पेटीत कोंडले. याचा परिणाम असा झाला की चॅनल फुकट राहिले, पण ते बघण्याचा हक्क मात्र विकत घ्यावा लागला.

किती पैसे? १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची नवी दरपद्धत आली. त्यात पहिल्या १०० चॅनलांसाठी, फक्त वायरीचे म्हणून, महिन्याला १३० रुपयांपर्यंत आकार ठरला. कर धरून १५३ रुपये ४० पैसे. पुढे २०२० मध्ये तेवढ्याच आकारात २०० चॅनल द्यायचे ठरले आणि २०२४ मध्ये ट्रायने ही कमाल मर्यादाच काढून टाकली. १५३ रुपये ४० पैशांनी वर्षाचा हिशोब करा: १८४० रुपये ८० पैसे. एकही पैशांचे चॅनल न घेता! कुणी म्हणेल, महिन्याला दीडशे म्हणजे काय मोठेसे? वीटभट्टीवर उचल घेऊन गेलेल्या कातकरी कुटुंबाला विचारा. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बिगाऱ्याला विचारा, ज्याला आठवड्यातून तीन दिवस काम मिळते.

आणि एक महिना पैसे थकले की काय होते, ते आम्ही २०२० साली डोळ्यांनी पाहिले.

मार्चमध्ये लोकल बंद झाली. आमच्या वस्तीतली निम्मी माणसे भिवपुरी रोड स्टेशनवरून गाडी पकडून कल्याण-डोंबिवली, ठाण्याकडे कामाला जाणारी. घरकाम, सफाई, बिगारी. लोकल बंद म्हणजे चूल बंद. शाळाही बंद. मास्तर म्हणाले, ऑनलाइन अभ्यास करा. घरात मोबाईल एक, तोही बापाच्या खिशात, आणि त्यातले रिचार्ज संपलेले. अशा वेळी २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. पहिली ते आठवीच्या पोरांसाठी, पाठ्यपुस्तकावर आधारलेली. मोबाईल नको, इंटरनेट नको, फक्त टीव्ही हवा. आम्ही आनंदाने घरोघर सांगत फिरलो.

एका घरात चौथीतली मुलगी होती. टीव्ही होता, बॉक्स होता, वायर होती. आईने सांगितले, "दादा, तीन महिने झाले, पैसे भरले नाहीत, बॉक्स बंद केलाय." आम्ही म्हणालो, ताई, सह्याद्री फुकट आहे, ते दिसेल. लावून पाहिले. पडद्यावर पाटी: रिचार्ज करा. आम्ही केबलवाल्याला फोन केला. तो काही वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "भाऊ, माझ्या हातात नाही. वरून कार्ड बंद झाले की सगळेच बंद होते. एकटे सह्याद्री चालू ठेवायचे बटण माझ्याकडे नाही."

मित्रहो, हे वाक्य नीट ऐका. सरकारी वाहिनी केबलवाल्याने दाखवलीच पाहिजे, अशी कायद्यात सक्ती आहे. पण ती गरिबाला दिसलीच पाहिजे, अशी सक्ती कुठेच नाही. दाखवण्याचा हुकूम आहे, बघण्याचा हक्क नाही.

रायगड जिल्ह्यातल्या आंबेडकरी माणसाला हे ऐकून महाड आठवले नाही तरच नवल. सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मांडला १९२३ साली: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाड नगरपालिकेने १९२४ साली ठराव केला: चवदार तळे खुले. कागदावर तळे उघडे झाले. पाण्याला मात्र कुणी हात लावू देईना. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसे घेऊन गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले, तेव्हा कागदावरच्या 'खुले' या शब्दात जीव आला. 'खुले' असे लिहिणे वेगळे आणि खुले असणे वेगळे, हा धडा याच जिल्ह्याच्या मातीत शिकवला गेला आहे. अस्पृश्यतेची जखम आणि टीव्हीचे कुलूप एकाच तराजूत घालण्याचा आमचा हेतू नाही. पण युक्ती तीच आहे: हक्क द्यायचा आणि त्याच्या वाटेवर फाटक बसवायचे.

भिवपुरीला ही युक्ती नवीन नाही. १९२२ पासून इथल्या टाटांच्या वीजगृहातली वीज मुंबईला जाते. पाणी सह्याद्रीचे, उतार आमच्या डोंगराचा, तारा आमच्या डोक्यावरून गेलेल्या. वाड्या-वस्त्यांत दिवा लागायला मात्र पुढच्या किती पिढ्या गेल्या! डोक्यावरून जाणारी गोष्ट आपली नसते, हे आमच्या म्हाताऱ्यांनी मुकाट्याने मान्य केले होते. आम्ही ते का मानावे?

कारण सर्वोच्च न्यायालयच तसे म्हणत नाही. ९ फेब्रुवारी १९९५ ला क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या पीठाने सांगितले की प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, आणि कलम १९(१)(अ) मधल्या अभिव्यक्ती स्वातंत्र्यात माहिती मिळवण्याचा हक्कही येतो. प्रसार भारतीचा १९९० चा कायदा काढून बघा. सामाजिक न्यायाला चालना देणे, शोषण, विषमता आणि अस्पृश्यतेसारख्या अनिष्ट गोष्टींशी लढणे, हे त्या संस्थेचे कर्तव्य म्हणून कलम १२ मध्ये लिहिले आहे. अस्पृश्यतेशी लढण्याचे कर्तव्य असलेली वाहिनी अस्पृश्यतेचे चटके सोसलेल्यांच्याच घरात कुलपाआड ठेवायची, हा कुठला न्याय?

हा प्रश्न जगात फक्त आपल्यालाच पडलेला नाही. अमेरिकेत केबलवरच्या मूलभूत वाहिन्यांना कुलूप घालायला १९९४ पासून मनाई होती. डिजिटल केबल आली तरी वायर थेट टीव्हीला लावून लोक ती चॅनल बॉक्सशिवाय बघत. ऑक्टोबर २०१२ मध्ये, म्हणजे मुंबईत बॉक्सची सक्ती झाली त्याच महिन्यात, तिथल्या नियामकाने कंपन्यांना कुलूप घालायची मुभा दिली. पण देताना अट घातली: बॉक्सशिवाय फक्त मूलभूत वाहिन्या बघणाऱ्यांना दोन वर्षे, आणि त्यांच्यातल्या सरकारी गरीब-आरोग्य योजनेतल्या लोकांना पाच वर्षे, बॉक्स फुकट द्यायचा. भांडवलशाहीच्या त्या माहेरघरातही गरिबाचा एवढा विचार करावा लागला. आमच्या वस्तीत मात्र बॉक्सचे पैसे प्रत्येकाने स्वतःच्या खिशातून मोजले.

आता आपल्याच काही मित्रांचे आक्षेप घेऊ.

पहिला आक्षेप: "केबलवाल्याचेही पोट आहे." आहेच. वायर ओढणारा, पावसात खांबावर चढणारा पोरगा बहुतेक वेळा आपल्याच समाजाचा असतो. त्याने जोडणीचे आणि दुरुस्तीचे पैसे जरूर घ्यावेत. पण पंचवीस-तीस सरकारी वाहिन्या उघड्या ठेवल्याने त्याचा धंदा बुडत नाही. ज्याला सिनेमा, क्रिकेट बघायचे आहे तो पैसे भरणारच.

दुसरा आक्षेप: "टीव्ही बघून कुठे क्रांती होते? आता यूट्यूब आहे." मोबाईलचा डेटाही पैशानेच येतो, आणि मोबाईल एकट्याने बघायचा असतो. विहारात चाळीस माणसे एकत्र बसून बघतात, मग बोलतात, भांडतात. ते प्रबोधन वेगळे. २०१९ च्या मे महिन्यात बाबासाहेबांच्या जीवनावरची 'महामानवाची गौरवगाथा' ही मालिका स्टार प्रवाहवर सुरू झाली, तेव्हा ज्यांच्याकडे ते चॅनल होते त्यांच्या घरात अर्धी वस्ती गोळा व्हायची. तेही पैशांचे चॅनल. बाबासाहेबांचे चरित्र बघायला बाबासाहेबांच्याच माणसांना शेजारच्या दारात उभे राहावे लागले.

तिसरा आक्षेप: "आपली चॅनल आहेत ना!" आहेत. नागपुरातून लॉर्ड बुद्धा टीव्ही आहे, आवाज इंडिया टीव्ही आहे. पण केबलवर जागा मिळवायची तर लहान चॅनललाच वहनशुल्क मोजावे लागते, आणि दूरदर्शनच्या फ्री डिशवरच्या जागेचा लिलाव कोट्यवधींत होतो. १९२० साली 'मूकनायक'ची पैसे देऊन जाहिरातसुद्धा 'केसरी'ने छापली नव्हती. आज कुणी तोंडावर नकार देत नाही. दर सांगितला जातो.

मग करायचे काय? आम्ही २०२० मध्ये काय केले ते सांगतो. वर्गणीतून फ्री डिशची छत्री आणि तिचा बॉक्स विकत घेतला. दीड-दोन हजारांचा खर्च एकदाच, पुढे महिन्याचे काही नाही. छत्री आग्नेयेला, आकाशात बरीच वर रोखायची. पूर्वेच्या डोंगरांची भिंतही आड येत नाही. सह्याद्री स्वच्छ दिसले. ती चौथीतली मुलगी आणि आणखी अकरा पोरे, तोंडाला रुमाल बांधून, अंतर ठेवून विहारात बसली आणि 'टिलीमिली' बघू लागली. देशात आज चार कोटींहून जास्त घरांत ही फुकटची छत्री आहे. ती बहुतेक आपल्यासारख्यांचीच घरे आहेत. आता तर टीव्हीतच उपग्रहाचा ट्यूनर बसवण्याचे भारतीय मानक, आयएस १८११२, २०२२ साली आले आहे. असा टीव्ही घेतला की छत्रीची वायर थेट टीव्हीला, मधला बॉक्सही नको. म्हणून टीव्ही घेताना दुकानदाराला विचारा: यात सॅटेलाइट ट्यूनर आहे का, फ्री डिश थेट दिसते का?

पण सावध राहा. जुलै २०२४ मध्ये ट्रायने सरकारला शिफारस केली आहे की फ्री डिशसुद्धा टप्प्याटप्प्याने 'अ‍ॅड्रेसेबल' करावी, म्हणजे प्रत्येक बॉक्स नोंदवलेला, ओळखता येणारा आणि वरून बंद करता येणारा असावा. आज म्हणतील फक्त मोजणी. केबललाही आधी मोजणीच म्हणाले होते.

म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत. एक, केबल कायद्याच्या कलम ४अ मध्ये दुरुस्ती करून दूरदर्शन, संसद आणि शैक्षणिक वाहिन्या केबलवर कुलपाशिवाय पाठवाव्यात. दोन, तोपर्यंत पैसे थकले तरी या वाहिन्या बॉक्सवर बंद करू नयेत. तीन, फ्री डिशला कुलूप लावू नये, आणि तिच्यावर सामाजिक न्यायाच्या वाहिन्यांसाठी लिलावाबाहेर राखीव जागा ठेवावी.

या मागण्यांचे निवेदन कर्जतच्या तहसीलदारांमार्फत माहिती व प्रसारण मंत्रालयाला पाठवायचे आम्ही ठरवले आहे. तुमच्या तालुक्यातूनही पाठवा. ट्राय कुठलाही नियम करण्याआधी लोकांची मते मागवते. तिथे कंपन्यांचे वकील पानेच्या पाने लिहितात. वस्तीतून एक कागदही जात नाही. यावेळी जाऊ द्या.

ती मुलगी आता हायस्कुलात आहे. परवा विहारातल्या टीव्हीवरची स्क्रॅम्बल्डची पाटी बघून तिने विचारले, "दादा, फुकट आहे तर बंद का आहे?"

याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. ज्यांच्याकडे आहे, त्यांना विचारायला निघालो आहोत.

जय भीम! जय संविधान!