आशाताईंच्या पिशवीत एक टेप असू द्या

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,



बाळंतपणात बाई दगावली की लोक दोनच कारणं धरून चालतात: अंगावरून फार गेलं, नाहीतर बीपी वाढलं. तिसऱ्या कारणाची विचारपूस क्वचितच होते. सिझर होऊन घरी आलेल्या बाळंतिणीचा डावा पाय आठ-दहा दिवसांनी जड होतो, पोटरी ठणकते. घरातलं कुणी म्हणतं, ‘पडून पडून आखडला असेल, तेल लावून चोळा.’ खरं तर तो पाय चोळायचा नसतो. खोल शिरेतली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात अडकली, तर गाडी मागवायलाही सवड मिळत नाही.

बाळंतपणात रक्तस्राव आवरावा म्हणून गरोदर बाईचं रक्त मुळातच लवकर गोठू लागतं. त्यात वाढत्या गर्भाशयाचा भार ओटीपोटातल्या शिरांवर. डाव्या पायाकडून येणारी शीर तर एका रोहिणीखाली दबलेलीच असते, म्हणून गरोदरपणातल्या बहुतेक गुठळ्या डाव्या पायात. एरवीपेक्षा हा धोका चार-पाच पट, आणि बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत त्याहूनही पुष्कळ जास्त.

हे सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस. आपल्या आशाताई दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत सहा वेळा जातातच. पण या भेटींचा भर बाळावर: वजन, ताप, दूध ओढतंय का. आईच्या दोन्ही पोटऱ्यांना शिंप्याची टेप लावायला मिनिटभर पुरे. दोन्ही पाय सारखे सुजलेत तर कारण बहुधा दुसरं असतं. एकच पोटरी दोन सेंटिमीटरनं जास्त भरली, किंवा बाईला अचानक दम लागला, छातीत दुखलं, तर त्याच दिवशी तिला हलवायला हवं. न थांबणारी डोकेदुखी आणि पाठोपाठ झटके आले तर तसंच. ही मेंदूतल्या शिरेची गुठळी असू शकते. भारतात बाळंतिणींमध्ये ती डॉक्टरांनी पूर्वीपासून पाहिली आहे, आणि घरात मात्र ‘बाहेरचं’ समजून आधी देवऋषी गाठला जातो. बाळंतिणीला पाणी बेतानं देण्याची चाल यात भरच घालते. त्या चालीबद्दल सासवांशी आशाताईच बोलू शकतील, परिपत्रक नाही.

उपचार जुना आणि पारखलेला आहे. पोटाची कातडी चिमटीत धरून रक्त गोठू न देणाऱ्या इनॉक्सापॅरिनचं इंजेक्शन द्यायचं, डोस बाईच्या वजनावर. हे औषध वारेतून बाळापर्यंत पोचत नाही. वॉरफरिनच्या गोळ्या पोचतात, म्हणून गरोदरपणात त्या टाळतात. बाळंतपणानंतर अंगावर पाजणाऱ्या आईला त्या चालतात. उपचार एकूण निदान तीन महिने, आणि बाळंतपणानंतर कमीत कमी सहा आठवडे. म्हणजे रोज सुई, तीही तान्हं मूल मांडीवर घेऊन. चार दिवसांचा साठा हातावर ठेवून ‘पुढचं बाहेरून घ्या’ म्हणालात, तर मजुरी करणारं घर ते आणणार नाही, हे सांगायला तज्ज्ञ नको. इनॉक्सापॅरिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ते ग्रामीण रुग्णालयाच्या कपाटातही दिसू द्या.

आणखी एक. गुठळी दाखवणारी डॉपलर सोनोग्राफी तालुक्याला बहुधा नसते, आणि रक्ततपासणीतला डी-डायमर गरोदरपणात एरवीही वाढलेला असतो, त्यावर भिस्त ठेवता येत नाही. तेव्हा पायात किंवा फुप्फुसात गुठळीचा दाट संशय असेल आणि रक्तस्रावासारखी अडचण नसेल, तर पहिला डोस देऊनच जिल्ह्याला पाठवावं, असा लेखी आदेश वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हाती हवा. आज तो कागदाच्या धाकानं नुसती चिठ्ठी लिहितो, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा?

ब्रिटनमध्ये २००३ ते २००५ या तीन वर्षांत गुठळ्यांनी ४१ माता गेल्या होत्या. प्रत्येक गरोदर बाईचा धोका आधीच तपासून गरजेप्रमाणे इंजेक्शन देण्याच्या सूचना २००४ साली निघाल्या. पुढच्या तीन वर्षांत तो आकडा १८ वर आला. आपल्याकडे दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी होते. पूर्वी कधी गुठळी झाली होती का, आई-बहिणीला झाली होती का, आधी सिझर झालंय का, हे तीन प्रश्न त्याच कार्डावर छापून घ्यायला वेगळा निधी लागणार नाही. येत्या ९ तारखेपासून एका तरी जिल्ह्यात सुरुवात करावी, ही विनंती.

कळावे,
आपली,
एक नागरिक