सुया टोचल्या की टेन्शन जातं?

"घरी गुडघ्यासाठी जाते असंच सांगितलंय गं," शेजारच्या वहिनी परवा मेथी निवडता निवडता म्हणाल्या. गुडघा त्यांचा ठणठणीत आहे. दुखणं वेगळंच आहे. रात्री अडीच-तीनला जाग येते, छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो आणि आता काहीतरी वाईट होणार असं वाटत राहतं. दोनदा ईसीजी काढून झाला. 'सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका' एवढं ऐकून परत. (टेन्शन काय कुणी दुकानातून विकत घेतं?) म्हणून आता आठवड्यातून दोनदा अॅक्युपंक्चर. मनगटावर, पायावर, दोन भुवयांच्या मध्ये केसासारख्या बारीक सुया. "आणि खरंच बरं वाटतं गं!"

आता अशा पाट्या तालुक्याच्या गावीही दिसायला लागल्यात. गुडघेदुखी, मान, पाठ, आणि खाली बारीक अक्षरात 'ताणतणाव, निद्रानाश'. त्याला सरकारी निर्णयाचंही बळ मिळालंय. पश्चिम बंगालमध्ये अॅक्युपंक्चरचा कायदा १९९६ सालापासून आहे. आपल्या राज्याने २०१५ चा कायदा करून नोंदणीसाठी परिषद नेमली. फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही ही स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्य केली. पण मैत्रिणींनो, मान्यता म्हणजे 'कुणी, कसं करायचं' याचे नियम. अमुक आजार याने बरा होतो, असं प्रमाणपत्र नव्हे. पाटीवर मात्र दोन्हींची सरमिसळ होते.

ही विद्या चीनची. तिचं आपल्याकडे येणंही मराठी माणसाच्या ओळखीच्या गोष्टीशी जोडलेलं आहे. १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टर चीनला मदतीला गेले, त्यात आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. शांतारामबापूंनी त्यांच्यावर सिनेमा काढला, तो १९४६ साली आला. कोटणीस १९४२ मध्ये तिथेच गेले. त्याच पथकातले कोलकात्याचे डॉ. विजयकुमार बसू मात्र परतले, पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, सुयांचं शास्त्र शिकले आणि ते त्यांनी कोलकात्यात सुरू केलं.

मग याने मनाचा ताण खरंच कमी होतो का? संशोधक हे तपासायला एक गंमतशीर युक्ती करतात. अर्ध्या लोकांना खऱ्या सुया, अर्ध्यांना खोट्या, म्हणजे टोचल्यासारखं वाटतं पण सुई आत जात नाही, किंवा भलत्याच जागी टोचतात. जुनाट दुखण्यात खऱ्या सुया खोट्यांपेक्षा थोड्या सरस ठरल्यात. ब्रिटनमध्ये सरकारी मार्गदर्शनात अर्धशिशी वारंवार होऊ नये म्हणून २०१२ पासून आणि जुनाट वेदनेसाठी २०२१ पासून अॅक्युपंक्चर सुचवलं जातं. चिंतेच्या आजारावर मात्र आधी बोलून करायचे उपचार आणि औषधंच सांगतात. चिंतेवर सुयांचे प्रयोग झालेत, पण बरेचसे लहान आणि कच्चे. त्यावरून छातीठोकपणे काही बोलता येत नाही.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो तिथलाच एक मोठा प्रयोग, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला. नैराश्य असलेले ७५५ रुग्ण. काहींना नेहमीच्या उपचारांबरोबर अॅक्युपंक्चर, काहींना समुपदेशन, काहींचे फक्त नेहमीचे उपचार. तीन महिन्यांनी पाहिलं तर पहिल्या दोन्ही गटांना नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त बरं वाटत होतं. आणि सुया आणि समुपदेशन यांत म्हणावा असा फरक नव्हता! मग गुण कशाचा? सुईचा, की दर आठवड्याला कुणीतरी वेळ देऊन 'या आठवड्यात कसं वाटलं?' असं विचारतं, त्याचा? या प्रयोगाने त्याचं उत्तर दिलेलं नाही.

मी वहिनींना विचारलं, तिथे नेमकं काय होतं? "पंचवीस मिनिटं दिवा मंद करून झोपवतात. मोबाईल बाहेर. सुया टोचलेल्या, त्यामुळे उठताच येत नाही. कुणी हाक मारत नाही." शेवटचं वाक्य त्या दोनदा म्हणाल्या. सकाळी सहापासून ज्या बाईला 'डबा कुठाय', 'माझा टॉवेल' याखेरीज दुसरी हाक नाही, तिला अशी पंचवीस मिनिटं घरात मागून मिळाली असती का? मला नाही वाटत. सुई टोचली म्हणजे उपचार चाललाय, मग सासूबाईही काही बोलत नाहीत.

आणि गुडघ्याचं खोटं का? कारण 'मनाच्या डॉक्टरकडे जाते' म्हटलं की गावात दुसऱ्या दिवशी 'वेडाचा झटका' होतो. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत नैराश्य, चिंता असे नेहमी आढळणारे आजार असलेल्या दहांपैकी आठांहून अधिक जण उपचाराविनाच होते. या दरीत सुईवाले येऊन बसलेत. त्यांना तरी नावं कशी ठेवायची? दार उघडं ठेवून तेच बसलेत.

तरी जाणार असाल तर डोळे उघडे ठेवून जा. नावाआधी काय लिहिलंय त्यापेक्षा नोंदणी क्रमांक विचारा. सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून फोडलेली हवी आणि नंतर फेकून दिलेली. वापरलेल्या सुईतून कावीळ बी पसरू शकते. दिवस गेले असतील, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा. आणि मनाच्या गोळ्या चालू असतील तर 'आता याने बरं वाटतं' म्हणून त्या परस्पर बंद करू नका. काही गोळ्या एकदम थांबवल्या की त्रास उलट वाढतो. मरणाचे विचार येत असतील, अंथरुणातून उठवत नसेल, तर सुयांच्या भरवशावर थांबू नका. सरकारची १४४१६ ही टेलिमानस सेवा फुकट आहे, २०२२ पासून चालू आहे, मराठीतही बोलता येतं, आणि नाव गावभर होत नाही.

आणखी एक. धडधड, घाम, झोप उडणं हे थायरॉईडनेही होतं. रक्त कमी असलं तरी छाती धडधडते. वहिनींच्या दोन्ही ईसीजीच्या वेळी रक्त तपासायचं कुणाला सुचलंच नव्हतं. परवा मी बरोबर गेले, नमुना देऊन आलो. रिपोर्ट गुरुवारी मिळेल. घरी सांगितलंय, गुडघ्याचाच आहे म्हणून.