काळ्या मेंढ्यांची पाठवणी

आमच्या मोडनिंबच्या मळ्यांत मेंढ्या कशा आल्या हें प्रथम सांगितलें पाहिजे. कारण ब्राह्मणाच्या घरीं मेंढरें म्हटलीं कीं पुण्याकडील आमचे आप्त अजूनही हंसतात. १९७२ च्या दुष्काळांत मंगळवेढ्याकडील एक मेंढका आमच्या आजोबांच्या विहिरीवर उतरला होता. कळप घेऊन पुढें जातांना चालवेनाशा झालेल्या सात मेंढ्या त्यानें मागें ठेविल्या. पाऊस पडल्यावर तो परत आला, चार मेंढ्या घेऊन गेला आणि तीन सांभाळणावळ म्हणून आजोबांस देऊन गेला. त्या तिघींचा वंश यंदा तेविसांवर गेला. साऱ्या अस्सल दख्खनी. अंगानें लहान, लोकर राठ व काळी, एखादीच्या कपाळावर पांढरा टिपका. दिवसांतून दोन-तीन कोस चालून कुसळें आणि पाचोळा खाऊन राहणारें हें जनावर आहे.

परंतु चालावयास माळ तर हवा! उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें, आणि माढा तालुक्यांत जेथें जेथें पाणी पोंचलें तेथें उंस आला, डाळिंब आलें. त्याबद्दल तक्रार कोण करील? आमच्याही घरचा उंस त्याच पाण्यावर आहे. मात्र परक्याच्या फडांत एक मेंढी शिरली कीं वर्षभराचा शेजारधर्म बुडतो. त्यांतून काका गेल्यापासून मेंढ्यांचा सारा भार काकूंवर, आणि काकूंचे गुडघे आतां साथ देत नाहींत. तेव्हां आठ ठेवून पंधरा द्यावयाच्या, असें संक्रांतीनंतर घरांत ठरलें. कोणास द्यावयाच्या, यावर मात्र तीन दिवस पंक्तीला दुसरें बोलणें नव्हतें.

धाकट्या वहिनींचें म्हणणें, मुक्या जनावराचे पैसे घेऊं नयेत, चांगला माणूस पाहून तशाच द्याव्यात. हें ऐकतांच काकू उठून आंत गेल्या. कारण चार वर्षांपूर्वीं आम्हीं नेमकें तेंच केलें होतें. एका परिचित गृहस्थांनीं मेंढ्यांची तोंड भरून स्तुति केली, आणि आम्हीं चार मेंढ्या त्यांना नारळासारख्या हातावर ठेविल्या. दीड महिन्यानें त्यांतील दोन काकूंनीं आठवड्याच्या बाजारांत ओळखल्या, कानाच्या खुणेवरून. त्या दिवशीं त्या जेवल्या नाहींत. तेव्हांपासून फुकट द्यावयाच्या नाहींत हा आमच्याकडे नियम आहे. ज्यानें चार पैसे मोजले तो निदान चार महिने तरी जनावर सांभाळतो.

पुतण्याची सूचना निराळी होती. पुण्याजवळ मुलांना शेती दाखविण्याची हौशी ठिकाणें निघालीं आहेत; तेथें एकेक मेंढी ठेवतील, मुलें तिला पाला भरवतील, ती म्हातारी होऊन मरेल. ऐकावयास हें गोड लागतें. परंतु मेंढी एकटी ठेवणें हा आमच्या मतें छळच आहे. कळपापासून तोडलेली मेंढी खाणें सोडून ओरडत राहते. दोघी-तिघी मिळून, आणि शक्य तर आई-लेक एकत्र, याखेरीज देऊं नये.

खरा प्रश्न याहून अवघड होता. मेंढी जिवंत राहिली पण तिचा वंश बुडाला, तर तिला चांगलें घर मिळालें असें म्हणावें काय? हल्लीं सर्वत्र माडग्याळी एडक्याची हौस आहे. जत तालुक्यांतील माडग्याळ गांवची ही जात उंच, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके असलेली, पोपटाच्या चोंचीसारख्या नाकाची. सांगली जिल्ह्यांतील अशा एका एडक्यास २०२० सालीं ७० लाख रुपये देऊं केले व मालकानें ते नाकारले, ही बातमी पुष्कळांनीं वाचली असेल. कोंकरूं लवकर वजन धरतें, म्हणून काळ्या मेंढ्यांवर हाच एडका सोडतात. मेंढक्याला दोष देववत नाहीं. काळ्या लोकरीस भाव उरला नाहीं, आम्हांलाच गेल्या वर्षीं कातरणावळ लोकरीच्या किंमतीहून जास्त पडली. पण चिंचोक्यांची खळ देऊन विणलेली घोंगडी ज्या लोकरीची होते, ती दोन पिढ्यांच्या संकरानें नाहींशी होते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनें बंगालमधील गरोळ मेंढीचा जुळीं देण्याचा गुण आणला, तोही दख्खनी मेंढींतच उतरविला. सुधारणेलाही मूळ जात हाताशीं लागतेच.

आणि एक गोष्ट लिहावयास संकोच वाटतो, तरी लिहितों. आमच्या घरांत मांस शिजत नाहीं. परंतु दरवर्षीं नर कोंकरें विकलीं तीं कोठें गेलीं हें आम्हांस ठाऊक होतें. त्या पैशांतून मुलांच्या फिया भरल्या आहेत. मग मेंढक्याकडून "कधींही विकणार नाहीं" अशी शपथ कोणत्या तोंडानें मागावी? आम्हीं दोनच गोष्टी मागितल्या. तीन वेतें तरी मेंढी ठेवावी, आणि तिच्यावर काळाच एडका सोडावा.

सांगोल्याकडील एक मेंढका उन्हाळ्यांत आमच्या रानांत मेंढरें बसवितो. त्यानें दोन दिवस विचार करून होकार दिला आणि अकरा घेतल्या. किंमत बाजाराहून कमी धरली. निम्मी रोख, निम्मी दहा रात्रीं कळप आमच्या शेतांत बसवून, म्हणजे लेंडीखत आमचें. उरलेल्या चार करमाळ्याकडील एका शेतकरी कुटुंबानें नेल्या. माहूदला मेंढी व शेळी महामंडळाचें प्रक्षेत्र आहे. ज्यांना असा ओळखीचा मेंढका नाहीं त्यांनीं तेथें चौकशी करावी.

देण्यापूर्वीं आंत्रविषाराची व पीपीआरची लस टोंचून घेतली. मेंढी पांच महिने गाभण राहते; शेवटच्या महिन्यांतली कोणतीही हलवूं नये. दांत, कांस, खूर घेणाऱ्यासमोर दाखविले. एकीच्या कांसेची एक बाजू बंद होती, तेंही सांगितलें. ती त्यानें नेली नाहीं, आमच्याकडेच राहिली. दांत पडलेल्या चौघी तर आम्हीं कोणास दाखविल्याच नाहींत. आमचा एडका मात्र त्याला दिला नाहीं, कारण अकरांपैकीं सात त्याच्याच मुली.

फाल्गुनांत तो न्यावयास आला. आम्हीं टेंपो ठरविला होता. "कशाला? चालत येतील," म्हणाला. काकूंनीं प्रत्येकीला मूठमूठ ज्वारी खाऊं घातली, आणि त्याच्या कळपांत मिसळल्यावर आमच्या कोणत्या हें दुसऱ्या वळणापर्यंत ओळखूं येत होतें.

आषाढांत त्याचा फोन आला. तीन व्याल्या, तिन्ही कोंकरें काळीं. एकाच्या कपाळावर टिपका आहे, तो तुमच्याकडचाच ना, असें त्यानें विचारलें. काकूंनीं वही काढून आजीचें नांव सांगितलें.