सन्मान संघाचा, मत एकट्याचे

२३ जानेवारी २०१२ हा दिवस अमेरिकेतील बोस्टन शहराच्या दृष्टीने आनंदाचा होता. बोस्टन ब्रुइन्स हा तेथील आइस हॉकीचा संघ त्या दिवशी व्हाइट हाऊसमध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्या शेजारी उभा होता. या संघाने जून २०११मध्ये व्हँकुव्हर संघाला त्याच्याच मैदानावर, सातव्या आणि निर्णायक सामन्यात ४-० असे नमवून स्टॅन्ली चषक पटकावला होता. या चषकासाठी बोस्टनकरांनी तब्बल ३९ वर्षे वाट पाहिली होती. झेडेनो चारा हा स्लोव्हाकियाचा कर्णधार, कॅनडाचे अनेक खेळाडू, चेक, फिन आणि जर्मन सहकारी असा हा बहुदेशीय संघ होता. अमेरिकन खेळाडू बोटांवर मोजण्याइतके. त्यांतील सर्वांत मोठा खेळाडू मात्र त्या ओळीत नव्हता.

टिम थॉमस हे त्याचे नाव. मिशिगन राज्यातील फ्लिंट गावचा हा गोलरक्षक तिशी उलटल्यावर प्रमुख स्पर्धेत स्थिरावला आणि वयाच्या ३७व्या वर्षी अंतिम टप्प्यातील सर्वोत्तम खेळाडूला मिळणारे कॉन स्माइथ पारितोषिक त्याने जिंकले. निर्णायक सामन्यात त्याने प्रतिस्पर्ध्यांना एकही गोल करू दिला नाही. चषक बोस्टनला आला तो प्रामुख्याने त्याच्यामुळे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही. सोहळ्याला तो गेला नाही आणि त्याने एक निवेदन प्रसिद्ध केले. केंद्र सरकार अनिर्बंधपणे फुगले असून ते नागरिकांचे हक्क, स्वातंत्र्य आणि मालमत्ता यांवर आक्रमण करीत आहे. हे राज्यघटनेच्या आणि राष्ट्रनिर्मात्यांच्या कल्पनेच्या विरुद्ध आहे. आपण एका पक्षाच्या विरोधात नाही, दोन्ही पक्ष सारखेच जबाबदार आहेत. स्वतंत्र नागरिक या नात्याने आपण आपला अधिकार बजावीत आहोत, असा त्याचा आशय होता.

ओबामांनी आपल्या भाषणात या अनुपस्थित गोलरक्षकाच्या कामगिरीचा गौरवाने उल्लेख केला. संघाचे अध्यक्ष कॅम नीली यांनी निराशा व्यक्त केली आणि थॉमसची मते ही संघाची मते नाहीत, असा खुलासा केला. परंतु व्हायचे ते होऊन गेले. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत चर्चा झाली ती अनुपस्थित राहिलेल्या एकाची. जे उपस्थित होते, त्यांचा चषक आणि त्यांचा पराक्रम मागच्या पानावर गेला.

टाळ्या वाजविणारे हात

विजेत्या संघांनी व्हाइट हाऊसला जाण्याची प्रथा अमेरिकेत जुनी आहे. १८६५मध्येच राष्ट्राध्यक्ष अँड्रयू जॉन्सन यांनी बेसबॉलच्या दोन संघांचे स्वागत केले होते. रोनाल्ड रेगन यांच्या कारकिर्दीत, १९८०च्या दशकात, ती नियमित झाली. अध्यक्ष विनोद करतात, कर्णधार त्यांना संघाची जर्सी भेट देतो, छायाचित्र काढले जाते, आणि सर्वजण घरी जातात. देशाने आपल्या पुत्रांची पाठ थोपटण्याचा हा साधा प्रसंग.

थॉमसच्या बहिष्कारानंतर अमेरिकेत जे घडले, ते आपणा सर्वांना विचार करावयास लावणारे आहे. सरकारी हस्तक्षेपाला विरोध करणाऱ्या परंपरावादी मंडळींना तो वीर वाटला. उदारमतवाद्यांनी त्याला उर्मट ठरविले. पाच वर्षे गेली. अध्यक्षपदी डोनाल्ड ट्रम्प आले. सप्टेंबर २०१७मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्स या बास्केटबॉल संघाच्या स्टीफन करीने व्हाइट हाऊसला जाण्याची इच्छा नसल्याचे सांगितले, तेव्हा ट्रम्प यांनी निमंत्रणच मागे घेतले. जून २०१८मध्ये फिलाडेल्फिया ईगल्स या फुटबॉल संघातील फारच थोडे खेळाडू येणार असल्याचे कळताच तो सत्कार ऐनवेळी रद्द झाला. या वेळी टाळ्या आणि शिव्याशाप यांची अदलाबदल झाली. थॉमसला डोक्यावर घेणारे अनेकजण आता खेळाडूंना राष्ट्रसन्मानाचे धडे देऊ लागले आणि थॉमसला उर्मट म्हणणारे अनेकजण अनुपस्थितीत नैतिक धैर्य पाहू लागले.

याचा अर्थ उघड आहे. दोन्ही बाजूंकडे मोजपट्टी नव्हतीच. मत आपले असले की धैर्य आणि परक्याचे असले की उद्धटपणा, एवढाच तो हिशेब होता.

नोव्हेंबर २०१९मध्ये तर एकाच संघात दोन्ही टोके दिसली. वॉशिंग्टन नॅशनल्स या बेसबॉल संघाच्या सत्काराला गोलंदाज शॉन डूलिटल वैचारिक मतभेदामुळे गेला नाही. त्याच संघाचा कर्ट सुझुकी व्यासपीठावर आला तो ट्रम्प यांच्या प्रचाराची लाल टोपी डोक्यावर चढवून, आणि अध्यक्षांनी त्याला मिठी मारली. पहिल्याची निंदा करणाऱ्यांनी दुसऱ्याचे कौतुक केले. वस्तुतः दोघांनीही एकच गोष्ट केली होती. संघाच्या व्यासपीठावर प्रत्येकाने आपापले खासगी राजकारण आणले होते.

अधिकार आणि औचित्य

थॉमसला न जाण्याचा अधिकार होता का? निःसंशय होता. सत्काराला हजर राहण्याची सक्ती जेथे होते, तेथे सत्काराचा दरबार होतो. संघाने त्याच्यावर कारवाई केली नाही, हे योग्यच झाले. परंतु अधिकार आणि औचित्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. कायदा फक्त अधिकार पाहतो. औचित्य सुसंस्कृत माणसाने स्वतः पाहावयाचे असते.

येथे सन्मानाचा मालक कोण, हा प्रश्न निर्णायक आहे. एप्रिल २००८मध्ये बीजिंग ऑलिंपिकची ज्योत दिल्लीत आली, तेव्हा आपला फुटबॉलपटू बायचुंग भुतिया याने तिबेटी जनतेला पाठिंबा म्हणून ती ज्योत हाती घेण्यास नकार दिला. तो सन्मान त्याला व्यक्तिशः देऊ केलेला होता. तो नाकारताना त्याने दुसऱ्या कुणाचे काहीही हिरावून घेतले नाही; मोजावी लागली असती ती किंमत त्याची एकट्याची होती. म्हणूनच त्या नकाराला वजन आले. स्टॅन्ली चषकाचा सन्मान थॉमसचा एकट्याचा नव्हता. ज्यांनी त्याच्यापुढे उभे राहून प्रतिस्पर्ध्यांचे फटके अंगावर घेतले, त्या सर्वांचा तो होता. त्यांच्या आयुष्यातील त्या दिवसावर त्याने आपल्या मताचा शिक्का उमटविला, आणि तसे करण्यास त्यांची संमती नव्हती.

संघ म्हणून नकार देता येत नाही काय? येतो. २८ सप्टेंबर २०२५ रोजी दुबईत आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात भारताने पाकिस्तानला पाच गड्यांनी हरविले आणि आशियाई क्रिकेट परिषदेचे अध्यक्ष मोहसीन नक्वी यांच्या हातून चषक घेण्यास नकार दिला. नक्वी हे पाकिस्तानचे गृहमंत्रीही होते. त्या निर्णयाबद्दल मतभेद असू शकतात, परंतु तो संपूर्ण संघाचा होता आणि क्रिकेट मंडळ त्याच्या पाठीशी उभे होते. चषकाविना जल्लोष करावा लागला तो सर्वांना. त्याहून जुने उदाहरण बर्लिनचे. १५ ऑगस्ट १९३६ रोजी जर्मनीविरुद्धच्या अंतिम हॉकी सामन्यापूर्वी पंकज गुप्ता यांनी खेळाडूंच्या खोलीत तिरंगा काढला. ध्यानचंद यांच्यासह सर्वांनी त्याला वंदन केले आणि मैदानात उतरून ८-१ असा विजय मिळविला. ब्रिटिशांच्या ध्वजाखाली पाठविलेल्या त्या संघाची निष्ठा कोठे होती, हे त्या बंद खोलीत ठरले; पण ठरले ते सर्वांचे मिळून.

सौजन्याची किंमत

या विवेचनाला एक बोचरा अपवाद आहे, तो दडवून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९९१मध्ये शिकागो बुल्स हा बास्केटबॉल संघ राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांच्या भेटीस गेला. संघातील क्रेग हॉजेस हा खेळाडू आफ्रिकी पद्धतीचा पांढरा अंगरखा घालून गेला, सहकाऱ्यांसोबत उभा राहिला आणि कृष्णवर्णीय व गरीब जनतेच्या प्रश्नांविषयी अध्यक्षांना लिहिलेले पत्र त्याने तेथे सुपूर्त केले. सोहळा मोडला नाही, सहकाऱ्यांचा दिवस झाकोळला नाही, आणि मतही पोहोचले. परंतु १९९२मध्ये संघाने त्याला सोडले आणि पुढे त्या स्पर्धेतील एकाही संघाने त्याला घेतले नाही. आपल्या मतांमुळे आपल्याला वाळीत टाकले, असा दावा त्याने १९९६मध्ये न्यायालयात केला. तो टिकला नाही. कारण काहीही असो, सौजन्याने बोलणाऱ्याचे जो समाज ऐकत नाही, त्याला पुढे अनुपस्थितीबद्दल गळा काढण्याचा फारसा अधिकार उरत नाही.

सत्ताधाऱ्यांचीही जबाबदारी येथेच येते. अमेरिकेत राष्ट्रप्रमुख आणि शासनप्रमुख एकच. त्यामुळे तेथील सत्कार राष्ट्राचा की पक्षनेत्याचा, असा संभ्रम नेहमीच राहतो. आपल्याकडे राष्ट्रीय क्रीडा पुरस्कार राष्ट्रपतींच्या हस्ते दिले जातात आणि ते पद पक्षाच्या वर मानले जाते, ही आपल्या व्यवस्थेची जमेची बाजू. तरीही १९८३च्या विश्वविजयी क्रिकेट संघाने इंदिरा गांधींची भेट घेतली आणि २०२४च्या संघाने नरेंद्र मोदींची. ही प्रथा आपल्याकडेही रुजली आहे. यजमानाने अशा वेळी आसनाची प्रतिष्ठा राखावी, छायाचित्राचा प्रचार करू नये आणि न आलेल्याचा सूड घेऊ नये. पाहुण्याने आसन आणि आसनावरील व्यक्ती यांत फरक करावा.

बारा जणांचा चषक

महाविद्यालयात असताना मी खो-खोच्या संघात होतो. खेळण्यापेक्षा राखीव म्हणून बसण्याचाच अनुभव अधिक. एका वर्षी आम्ही जिल्ह्याचे अजिंक्यपद मिळविले. सत्कार तालुक्यातील एका पुढाऱ्याच्या हस्ते ठरला. आमच्यातील सर्वांत चपळ खेळाडूचे घर शेतकरी आंदोलनातले. त्या पुढाऱ्याच्या हातून हार घेणे त्याला मान्य नव्हते. मी येणार नाही, असे तो आमच्या सरांना सांगून मोकळा झाला. सर रागावले नाहीत. ते म्हणाले, “अरे बाबा, हार नको तर नको घेऊस. पण चषक बारा जणांचा आहे. आधी उरलेल्या अकरा जणांना विचार.”

त्याने विचारले. तासभर वाद झाला. शेवटी असे ठरले की, चषक कर्णधाराने घ्यावा, याने ओळीत शेवटी उभे राहावे आणि हार घेऊ नये. तसेच झाले. पुढाऱ्याच्या ते लक्षात आले की नाही, ठाऊक नाही. आज माझ्याकडे जे पिवळे पडलेले छायाचित्र आहे, त्यात बाराही जण आहेत आणि एकाच्या गळ्यात हार नाही. त्याचे मत त्या छायाचित्रात आजही स्पष्ट दिसते.

बोस्टनच्या त्या छायाचित्रात थॉमस नाही. त्याने आपले निवेदन आठवडाभर आधी सहकाऱ्यांपुढे ठेवले असते, किंवा सोहळ्यानंतरच्या एखाद्या दिवशी स्वतःच्या नावावर प्रसिद्ध केले असते, तर त्याच्या विचारांना बाध आला नसता.

आता प्रश्न आपल्याला. उद्या एखादा भारतीय खेळाडू आपल्याला प्रिय असलेल्या नेत्याच्या भेटीस गेला नाही, तर आपण त्याला देशद्रोही ठरविणार काय? आणि आपल्याला अप्रिय असलेल्या मुख्यमंत्र्याकडे पाठ फिरविणाऱ्या खेळाडूला पुष्पहार घालणार काय? या दोन प्रश्नांची उत्तरे आपण वेगवेगळी देत असू, तर आपल्याही हातातील मोजपट्टी खोटी आहे. पहिल्याचा अधिकार मान्य करावा, दुसऱ्यालाही औचित्याची आठवण द्यावी, आणि दोघांनाही एकच विचारावे: तुझ्या सहकाऱ्यांना विचारलेस का?